डावीकडे सरकलेली हनुवटी

मी पाच वर्षांची असताना माळ्याच्या शिडीवरून पडले. खाली जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. त्याच्या काठावर हनुवटी आपटली आणि फुटली. आईनं हळद दाबली, आत्यानं फडकं बांधलं, वडील शेतावरून येईपर्यंत रक्त थांबलंही होतं. महिनाभर मला तोंड नीट उघडता येत नव्हतं, म्हणून भात कुस्करून भरवायचे. मग तेही बरं झालं. हनुवटीखाली तांदळाच्या दाण्याएवढा वण राहिला. थोडक्यात निभावलं, असं सगळे म्हणाले आणि विसरले.

आमचं गाव कर्जतपासून चालत तासाभरावर. भाताची शेती, घरात आई-वडील, मी, धाकटा भाऊ आणि वडिलांची बहीण. आत्या लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा होऊन माहेरी आलेली. माझं सगळं तीच करायची, वेणीफणीपासून आंघोळीपर्यंत. मी अकरा-बारा वर्षांची असेन. कुठल्याशा सणाच्या दिवशी तिनं मला समोर बसवलं, कपाळावर कुंकू लावलं आणि बोट तसंच खाली आणलं. नाक झालं, ओठ झाले. हनुवटीशी बोट थांबलं. हनुवटी बोटाखाली नव्हती. ती डावीकडे होती.

"वैनी, जरा इकडं ये," तिनं आईला हाक मारली. दोघींनी मला उजेडात नेऊन आळीपाळीनं पाहिलं. आई म्हणाली, "पयल्यापासनं असंच हाय काय गं?"

"नाय. मी रोज तोंड धुते हिचं. मला दिसलं नसतं?"

तरीही त्या दिवसापर्यंत दिसलं नव्हतं खरं. रोजचं माणूस असं हळूहळू बदलतं की रोज बघणाऱ्यालाच कळत नाही.

आत्यानं निदान करून टाकलं. माझा डावा गाल गोल आणि भरलेला होता, उजवा लांबट आणि सपाट. म्हणजे उजवी बाजू कमजोर, तिथं मांस धरत नाही. त्या दिवसापासून संध्याकाळी चूल पेटायच्या आधी ती खोबरेल तेल कोमट करून माझ्या उजव्या गालावर जिरवायची. कानापासून हनुवटीपर्यंत, खालून वर, दोनशे वेळा. घासही मी उजवीकडूनच चावायचा असा तिचा दंडक. मी कंटाळले की म्हणायची, "दम धर गं पोरी. भरून यील." हे मी अलिबागला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जाईपर्यंत चाललं. सात वर्षं. गाल भरला नाही. हनुवटी मात्र थोडी आणखी सरकली.

शाळेत मला "वाकडी" म्हणत. नेहमी नाही, भांडण झालं की. एरवी कुणाला काही वाटत नसावं. मला स्वतःला कितपत वाटायचं, हे आज नीट सांगता येणार नाही. पण वर्गाचा फोटो काढताना मी मान उजवीकडे वळवून उभी राहायचे, एवढं त्या फोटोंत दिसतं.

ट्रेनिंग संपल्यावर मला खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एका वाडीवरच्या शाळेत नोकरी लागली. एक खोली आणि चार वर्ग, शिकवणारी मी एकटी. आणि नोकरी लागली तशी घरात लग्नाची बोलणी सुरू झाली.

फोटो काढायला आई मला कर्जतला घेऊन गेली. फोटोवाले वयस्क होते, बोलायला मऊ. त्यांनी मला रंगवलेल्या पडद्यासमोर स्टुलावर बसवलं, दिवा एका बाजूनं लावला, मान वळवायला सांगितली, मग पुन्हा थोडी सरळ. काळ्या कापडाखालून डोकं बाहेर काढून ते म्हणाले, "काळजी करू नका. निगेटिव्हच्या काचेवर थोडं काम करावं लागेल."

आई म्हणाली, "करा तुमी. फोटो तरी सरळ येऊ दे."

आठ दिवसांनी फोटो आणला. त्यांनी बारीक पेन्सिलीनं आणि पात्याच्या टोकानं निगेटिव्हवर काम केलं होतं. डाव्या गालाचा फुगवटा खरवडून कमी केला होता, उजव्या गालावर उजेड भरला होता. हनुवटी नाकाखाली होती. मी तो फोटो पुन्हा पुन्हा काढून बघायचे. ती मुलगी माझ्यासारखी दिसत होती आणि माझ्याहून बरी होती. आत्याला तो आवडला नाही. "ही आपली नाय," म्हणाली आणि परत दिला.

त्याची एक प्रत चौक गावातल्या एका घरी गेली. हमरस्त्यावर त्यांचं लॉरी दुरुस्तीचं गॅरेज होतं. मुलगा तिथंच काम बघायचा. त्यांना फोटो पसंत पडला आणि एका रविवारी मुलगा, त्याची आई आणि मामा आमच्याकडे आले. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले. मुलाच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीतून फोटो काढला आणि तो पाहिला. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. चुकीच्या घरी आलो की काय, असं तिला खरंच वाटलं असावं.

"हिला धाकटी बहीण हाय काय?" तिनं आईला विचारलं.

"नाय. एकलीच," आई म्हणाली.

मुलगा बशीकडे बघत होता, पोहे संपेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. मामांनी वडिलांना यंदा भात कसं आहे ते विचारलं. निघताना ती बाई ओटीवर माझ्याजवळ थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुझं काय वाईट नाय गं पोरी. पन असा फोटो पाठवू नको. बघणाऱ्याला वाटतं, अजून कायकाय लपवलंय."

नकारापेक्षा मला हे जास्त लागलं, कारण ती बरोबर बोलत होती. पुढच्या रविवारी मी एकटीच कर्जतच्या डॉक्टरांकडे गेले. लहानपणी ताप आला की आमच्या गावात सायकलवर येत ते हेच डॉक्टर. मी सरळ विचारलं, "हे सरळ करता येतं का?"

त्यांनी माझं तोंड उघडायला लावलं. उघडताना जबडा डावीकडे जात होता. ते मला कधी जाणवलं नव्हतं. त्यांनी हनुवटीखालचा वण पाहिला, कधी पडले होते ते विचारलं. मग मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. "करतात असं ऐकलंय. केलेलं माणूस मी पाहिलेलं नाही," म्हणाले. "जाऊन विचारून तर ये. लहानपणापासूनचे फोटो असले तर ने."

माझा भाऊ तेव्हा साजगावच्या एका कारखान्यात लागला होता. तो सुटी घेऊन माझ्याबरोबर आला. सकाळी कर्जतहून गाडी धरली आणि दुपारी दोनपर्यंत बाकावर बसून राहिलो. सर्जन चाळिशीचे होते, भराभर बोलणारे. चिठ्ठी वाचून त्यांनी मला खुर्चीत बसवलं, समोरून पाहिलं, बाजूनं पाहिलं, मग मागे उभे राहून माझ्या डोक्यावरून खाली वाकून पाहिलं. एक लाकडी पट्टी आडवी दातांत धरायला दिली आणि हातात आरसा दिला. पट्टी एका बाजूला उतरती होती.

"बघा, फक्त हनुवटीच नाही, दातांची ओळही तिरकी आहे. आता घरी काय काय केलंत ते सांगा."

मी आत्याच्या तेलाचं सांगितलं.

"कुठल्या गालाला?"

"उजव्या. तो सपाट आहे ना."

ते हसले नाहीत. माझ्या डाव्या कानापुढे बोट ठेवून म्हणाले, "दुखणं इथं आहे. पडलात तेव्हा हा सांधा मोडला असणार. तो कुणी पाहिला नाही, आपोआप जुळला. पण हाडाची वाढ या सांध्यातून होते. डावीकडचं हाड आखूड राहिलं, उजवीकडचं वाढत गेलं आणि त्यानं हनुवटी डावीकडे ढकलली. आखूड हाडावर मांस गोळा होतं, म्हणून डावा गाल भरलेला दिसतो. तुमचा उजवा गाल चांगला आहे. ताणला गेलाय एवढंच."

भाऊ म्हणाला, "म्हणजे आत्या चांगल्या गालाला तेल लावत होती?"

"त्यानं नुकसान काही झालं नाही," सर्जन म्हणाले.

मग त्यांनी फोटो मागितले. मी चौथीचा, अकरावीचा आणि स्टुडिओतला असे तीन आणले होते. पहिले दोन त्यांनी जवळ धरून पाहिले. हाड अजून सरकतंय की थांबलंय, ते त्यांना बघायचं होतं. तिसरा एकदाच पाहून परत दिला. "हा माझ्या उपयोगाचा नाही. पण ज्यानं केलाय, त्याचा हात चांगला आहे."

वाढ थांबली होती. आता काय करता येईल, ते त्यांनी एका कागदावर जबड्याचं चित्र काढून समजावलं. पहिला मार्ग, काही करायचं नाही. चावता येतं, बोलता येतं, दुखत नाही, तेव्हा हाही मार्ग आहे आणि तो वाईट नाही, असं ते दोनदा म्हणाले. दुसरा, दोन्ही बाजूंनी जबडा कापून सगळाच फिरवायचा. त्यात वरचे-खालचे दात दीड महिना तारेनं बांधून ठेवावे लागतात आणि धोका जास्त. तिसरा, ओठाच्या आतून चिरून फक्त हनुवटीचं हाड कापायचं आणि मध्यावर सरकवून तारेनं बसवायचं. बाहेर व्रण नाही. चौथा, कमरेच्या हाडाचा तुकडा काढून सपाट बाजूला भर घालायची. तो कधीकधी विरघळतो.

"तिसऱ्यानं पूर्ण सरळ होईल?" मी विचारलं.

"नाही. हनुवटी मध्ये येईल. ओठ थोडे तिरके राहतील, उजवा गाल थोडा सपाट राहील. आणि खालचा ओठ काही दिवस बधिर होईल. कधीकधी तो तसाच राहतो." ते कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बाई, कुणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. माझ्याकडे सरळ करून मागू नका. कमी वाकडं करून देता येईल. चालत असेल तर घरी बोला आणि या."

घरी आल्यावर आधी आत्याला सांगावं लागलं, कारण भावाच्या पोटात काही राहत नाही. ती चुलीपुढे बसली होती. "सात वर्सं?" म्हणाली. "चांगल्या गालालाच?" मग ती एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. नंतरचं पाणी हसण्याचं नव्हतं. ते मला कळलं. तिच्याजवळ बसून भाकऱ्या थापल्या.

आईला लगेच जायचं होतं. वडिलांना पटत नव्हतं. "जेवतेस, बोलतेस, पोरांना शिकवतेस. चांगलं हाड कापायचं कशापायी?" त्यांनी विचारलं.

"मला बरं दिसायचंय, बाबा," मी म्हणाले. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. आजवर घरात सगळे लग्नासाठी, लोकांसाठी असं म्हणत. माझं तोंड तापलं. वडील उठून गोठ्याकडे गेले. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, "सही कोनाची लागते?"

शाळेच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी दाखल झाले. बायकांच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर तिशीची एक बाई होती, घाटावरची. तिचाही जबड्याचा सांधा लहानपणी दुखावलेला, पण तिचा पूर्ण जखडला होता. दातांमध्ये करंगळीसुद्धा जात नव्हती. पुढचा एक दात मुद्दाम काढून टाकला होता, त्या फटीतून ती मऊ भात आत ढकलायची. बोलायची दातांआडून, पण स्पष्ट. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "तुला काय झालंय गं?"

"हनुवटी वाकडी आहे."

"जेवता येतं?"

"येतं."

"भाकरी?"

"भाकरीपण."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही तोंड फिरवील. उशी घेऊन दुसऱ्या खाटेवर जावं असं मला झालं. एवढ्या माणसांत मी एकटीच नुसत्या दिसण्यासाठी आले होते.

"म्हंजे बरं दिसाया आलीस?" तिनं विचारलं.

"हो."

"बरं केलंस. मी आधी भाकरी खाईन. मग माझ्या हनुवटीचं बघते." तिची हनुवटी माझ्याहून कितीतरी आत गेलेली होती. हे ती थट्टेनं म्हणाली नव्हती. तिनं खरंच तसा क्रम लावला होता.

तिचं ऑपरेशन माझ्या आदल्या दिवशी झालं. शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवसापासून तिला तोंड उघडायचा व्यायाम दिला. दुखून तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि ती लाकडी पट्ट्या एकावर एक दातांत सारायची. किती बसल्या ते बोटांनी मला दाखवायची.

माझं ऑपरेशन दीड तास चाललं म्हणे. जागी झाले तेव्हा तोंडाखाली घट्ट पट्टी होती आणि खालचा ओठ दुसऱ्याच कुणाचा तरी असावा असा जड. आठवडाभर पेज आणि ताक नळीनं घेतलं, पुढे आणखी दोन आठवडे नुसतं पातळ. आत्या घरून हट्टानं आली होती. गालाला हात लावायची सोय नाही, म्हणून माझे पाय चोळत बसायची. वडील रोज येऊन खाटेच्या पायाशी उभे राहत आणि गाडीची वेळ झाली की निघत.

पट्टी निघाली तेव्हा आरसा आत्यानंच धरला. तोंड सुजलेलं, हनुवटी काळीनिळी. काहीच कळत नव्हतं. महिन्यानं सूज उतरली तेव्हा हनुवटी मध्यावर होती. आत्यानं कपाळापासून बोट खाली आणलं नाही. मी तिला आण म्हटलंही नाही. आई मात्र ओटीवरच्या उजेडात मला उभी करून म्हणाली, "ओठ अजून तिरका दिसतोय गं जरा."

"तो तसाच राहणार. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं," मी म्हणाले.

जूनमध्ये शाळा उघडली. वाडीवरच्या मुलांनी मला पाहिलं, आपसांत कुजबुजली आणि एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमी दाढ काढली काय?" मी हो म्हटलं. विषय संपला. तालुक्यातल्या शिक्षकांच्या महिन्याच्या बैठकीत हेडमास्तर मंडळींपैकी कुणाच्याही काही लक्षात आलं नाही. ज्या गोष्टीसाठी मी एवढी वर्षं मान वळवून उभी राहिले होते, ती बहुतेकांनी कधी नीट पाहिलीच नव्हती. याचा मला आनंद झाला की राग आला, ते अजून ठरवता आलेलं नाही.

पण त्यानंतरचं वर्ष सोपं गेलं नाही. आधी मी आरशात दिवसातून एकदा बघत असेन, तर आता दहा वेळा. हनुवटी जागेवर आली तसा उजवा गाल जास्तच सपाट दिसायला लागला. कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत मी दोऱ्यानं मापं घ्यायचे, आधी उजवी बाजू, मग डावी. ओठ बधिर होता तो होताच. पाणी पिताना ओघळ गळ्यापर्यंत आला तरच कळायचं.

वर्षानं दाखवायला गेले तेव्हा सर्जननी हाड चाचपून पाहिलं आणि ते खूश झाले. "आता हवं तर कमरेचं हाड घेऊन उजवी बाजू भरू. आणखी बरंच बरं दिसेल," ते म्हणाले. मी त्यांना दोऱ्याचं सांगितलं. का सांगितलं ते माहीत नाही, ठरवून गेले नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"माप किती येतं?"

"उजवीकडे दोन सूत जास्त, म्हणजे पाव इंच."

"आणि भर घातल्यावर दोन्ही गाल सारखे दिसले तर?"

मी विचार केला. "तरी मी मोजत बसेन," म्हणाले.

"मग ते काम माझ्या सुरीचं नाही," ते म्हणाले. पुढे त्यांनी विचारलं, "पहिलं केल्याचा पस्तावा होतो?"

"नाही. पहिलं हवंच होतं."

हे खरं होतं आणि आजही खरं आहे. दुसरं नको, हेही तितकंच खरं होतं. त्यांनी कागदावर तसं लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. निघताना मी शेजारच्या खाटेवरच्या बाईची चौकशी केली. ती भाकरी खाते, एवढं वॉर्डातल्या नर्सला माहीत होतं.

दोऱ्याची सवय एका दिवसात गेली नाही. कमी होत गेली.

दोन वर्षांनी मला मागणी आली ती खालापूर तालुक्यातल्याच एका शिक्षकाची. बैठकांना आम्ही एकमेकांना कितीदा पाहिलेलं, ऑपरेशनच्या आधी आणि नंतरही. या वेळी फोटो द्यायचा नाही, असं मी घरी बजावलं होतं. त्यांनी मागितलाही नाही. एकदा बैठक सुटल्यावर बस यायची होती, तेव्हा मी त्यांना ऑपरेशनचं सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, "तुम्हाला फरक दिसला होता का?"

त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "चेहऱ्यात म्हणाल तर नाही," म्हणाले. "पण आधी तुम्ही बोलताना पदर हनुवटीवर धरायचात. नंतर धरेनाशा झालात. मला वाटलं, नोकरीत रुळलात."

पदराचं मला स्वतःलाच माहीत नव्हतं. मी हसले. तेही हसले, पण कशाला ते त्यांना नीट कळलं नसावं. मग त्यांनी विचारलं, वाडीवरची शाळा त्यांच्या गावापासून सात मैलांवर, लग्नानंतर पावसाळ्यात ओढा भरला की मी कशी जाणार. मी म्हटलं, चार महिने वाडीवरच खोली करून राहीन, शनिवारी येईन. तेवढ्यात बस आली आणि बाकीचं बोलणं आम्ही बसमध्ये केलं.